जुन्या ब्राउझरांत कॉलम खाली पडतो, कार्ड ओढताना कार्डं थरथरतात: नेमकं काय दुरुस्त करावं?

पाटीपेन्सिल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या अंतर्गत नेटवर्कवर चालणारा ड्युटीचा तक्ता आहे. सकाळ, दुपार, रात्र असे तीन कॉलम आणि प्रत्येकात कर्मचाऱ्यांची कार्डं. कार्ड एका कॉलममधून उचलून दुसऱ्यात टाकायचं, एवढंच काम. ब्राउझरचं स्वतःचं ड्रॅग-ड्रॉप वापरलंय (ड्रॅगेबल=ट्रू), सोबत जेक्वेरी १.१२.४.

मांडणी अशी: बाहेरचा डबा ९६० पिक्सेल, आत ३२० चे तीन कॉलम फ्लोट-लेफ्ट, कॉलमला चारही बाजूंनी १० पॅडिंग. कार्ड १५० रुंद, १ ची बॉर्डर, ६ चं पॅडिंग, तेही फ्लोट, म्हणजे एका ओळीत दोन. सगळ्यांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर दिलेल्या रुंदीतच धरायचं.

अडचणी:

एजच्या आयई मोडमध्ये (एजच्या आत जुनं इंटरनेट एक्स्प्लोरर) ऑफिसातल्या मशीनवर काही न ओढताच तिसरा कॉलम खाली जातो आणि कार्डं एकाखाली एक लागतात. तेच पान माझ्या मशीनवर, त्याच आयई मोडमध्ये, सर्व्हरचा आयपी पत्ता टाकून उघडलं तर व्यवस्थित.

कार्ड कॉलमवर आणलं की आतली कार्डं वेड्यासारखी खाली-वर उडतात. हे सगळीकडे होतं.

विंडोज ७ वरच्या क्रोम १०९ मध्ये कार्ड उचललं की लगेच ड्रॅगएंड (ओढणं संपल्याचा इव्हेंट) येतो. ओढताच येत नाही.

एक्सपीवरच्या फायरफॉक्स ५२ मध्ये कार्ड उचललंच जात नाही. सेटडेटा (ओढण्यासोबत मजकूर जोडणारी आज्ञा) घातल्यावर उचललं गेलं, पण सोडल्यावर पानच निघून जातं आणि भलताच पत्ता उघडतो.

मशीन बदलून मिळणार नाहीत, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

---

उंबरठा

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: तुम्ही आयपी पत्त्याने उघडता, म्हणजे ऑफिसात सर्व्हरच्या लहान नावाने उघडत असणार. ज्या नावात टिंब नाही ते नाव विंडोज 'लोकल इंट्रानेट' झोनमध्ये धरतं, आणि इंट्रानेटवरची पानं कम्पॅटिबिलिटी व्ह्यूमध्ये (जुन्या आयईसारखी) दाखवायची ही आयईची मूळची सेटिंग आहे. आयपी पत्त्यात टिंबं असतात, म्हणून तो इंटरनेट झोनमध्ये जातो. म्हणजे एकच पान, एकच इंजिन, पण ऑफिसात डॉक्युमेंट मोड ७ (पान आयई ७ च्या नियमांनी दाखवणं) आणि तुमच्याकडे ११.

मोड ७ ला बॉक्स-सायझिंग कळत नाही, ते आयई ८ पासून आलं. आता हिशोब करा. कॉलम ३२० अधिक पॅडिंग २०, म्हणजे ३४०. तीन कॉलम १०२०, डबा ९६०. तिसरा खाली जाणारच. कार्डं १५० अधिक १४, म्हणजे १६४. दोन मिळून ३२८ आणि कॉलममध्ये जागा ३२०. म्हणून तीही एकाखाली एक. तुमची दोन्ही लक्षणं तंतोतंत जुळतात.

खात्री करायला पानाच्या कोपऱ्यात डॉक्युमेंट.डॉक्युमेंटमोड ची किंमत तात्पुरती छापा. आयई मोडमध्ये नेहमीचं एफ१२ उपयोगाचं नाही. विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या एफ१२ फोल्डरात आयईचूजर नावाचा प्रोग्रॅम असतो, तो चालवून आपलं पान निवडा म्हणजे आयईची जुनी साधनं उघडतात. त्यात मोड आणि तो कशामुळे लागला हे दोन्ही दिसतं.

उपाय: सर्व्हरवरून एक्स-यूए-कम्पॅटिबल हा हेडर पाठवा, किंमत आयई=एज. मेटा टॅगनेही होतं, पण तो हेडच्या अगदी सुरुवातीला हवा, त्याच्या आधी फक्त टायटल आणि दुसरे मेटा चालतात. वर कुठे स्टाइलशीट किंवा स्क्रिप्ट असेल तर तो मानला जाईलच असं नाही. हेडर जास्त भरवशाचा. डॉकटाइप पहिल्याच ओळीत आहे ना तेही बघा. सर्व्हरच्या टेम्प्लेटमधून त्याच्या आधी काही छापलं जात असेल तर ते काढा. आणि ऑफिसच्या आयटी विभागाने आयई मोडसाठी साइटची यादी केली असेल तर त्या यादीत तुमच्या साइटला जुना मोड सक्तीने लावलेला नाही ना, हे त्यांना विचारा.

मोड ११ झाला की मगच ओढण्याच्या अडचणींना हात घाला. मोड ५ ते ८ मध्ये इव्हेंट ऐकण्याचं नेहमीचं फंक्शन अ‍ॅडइव्हेंटलिसनर सुद्धा नसतं. जेक्वेरी १.१२ ते झाकून घेते, म्हणून स्क्रिप्टची एरर दिसली नसेल आणि लक्ष फक्त सीएसएसवर गेलं असेल.

थरथरण्याबद्दल: कॉलमवर कार्ड आलं की बॉर्डर लावणारा क्लास घालता का? आणि ड्रॅगलीव्हला (कर्सर घटकाबाहेर गेल्याचा इव्हेंट; ड्रॅगएंटर म्हणजे आत आल्याचा) काढता का? तसं असेल तर एक मोजणी ठेवा. ड्रॅगएंटरला एक वाढवा, ड्रॅगलीव्हला एक कमी करा, शून्य झाली की क्लास काढा.

---

टाचणी

उंबरठा यांचं मोडबद्दलचं सगळं बरोबर. मोजणीला मात्र माझा ठाम विरोध आहे. जुन्या फायरफॉक्समध्ये कार्डातल्या मजकुरावरून कर्सर गेला की ड्रॅगएंटर आणि ड्रॅगलीव्हची जोडी नेहमी जुळत नाही. मोजणी एकदा चुकली की चुकलीच, कॉलम कायमचा रंगलेला राहतो. शिवाय कार्ड कॉलमवर सोडलं की ड्रॅगलीव्ह येतच नाही, ड्रॉप येतो. तिथे मोजणी शून्य करायची राहून गेली तर पुढच्या खेपेला गोंधळ.

आधी थरथर का होते ते पाहू. यात दोन कारणं एकमेकांत अडकली आहेत.

कॉलमची आतली जागा ३२० वजा २०, म्हणजे बरोबर ३००. दोन कार्डं, बरोबर ३००. एका पिक्सेलचीही सैल जागा नाही. आता ड्रॅगएंटरला तुम्ही २ पिक्सेलची तुटक बॉर्डर लावलीत असं धरू. बॉर्डर-बॉक्स असल्यामुळे कॉलम बाहेरून ३२० च राहतो, पण आतली जागा २९६ होते. ओळीतलं दुसरं कार्ड मावत नाही, ते खाली उतरतं, त्याच्या मागची सगळी कार्डं सरकतात. कर्सर जागचा हललेला नाही, पण त्याच्याखालचं कार्ड निघून गेलं. म्हणून त्या कार्डाचा ड्रॅगलीव्ह उठतो, आणि ड्रॅगलीव्ह हा बबल होणारा, म्हणजे आतल्या घटकाकडून बाहेरच्याकडे चढत जाणारा इव्हेंट आहे. तो वर कॉलमपर्यंत येतो, तुमच्या कोडला वाटतं कॉलमच सोडला, क्लास निघतो, बॉर्डर जाते, कार्डं परत वर येतात, कर्सरखाली पुन्हा कार्ड, पुन्हा ड्रॅगएंटर. हे चक्र थांबायला जागाच नाही.

म्हणून एक, ओढताना लागणाऱ्या कुठल्याही क्लासने मापं बदलता कामा नयेत. बॉर्डरऐवजी आउटलाइन वापरा, ती जागा खात नाही आणि आयई ८ पासून चालते. किंवा कॉलमला पहिल्यापासून २ पिक्सेलची पारदर्शक बॉर्डर द्या, पॅडिंग १० चं ८ करा आणि ओढताना फक्त रंग बदला. नुसता पार्श्वभूमीचा रंग बदलला तरी लोकांना पुरेसं कळतं.

दोन, ड्रॅगलीव्हवर विसंबूच नका. सगळा निर्णय ड्रॅगओव्हरमध्ये (कर्सर घटकावर असेपर्यंत येणारा इव्हेंट) घ्या. इव्हेंटच्या टार्गेटपासून वर चढत जवळचा कॉलम शोधा. तो मागच्या वेळच्याच कॉलमसारखा असेल तर काहीही न करता परत फिरा. वेगळा असेल तर जुन्याचा क्लास काढा, नव्याला लावा. कॉलम सापडला नाही तर जुन्याचा काढून टाका. ड्रॉप आणि ड्रॅगएंडला सगळं साफ करा. ड्रॅगओव्हर कर्सर स्थिर असतानाही पुन्हा पुन्हा येत राहतो, त्यामुळे 'तोच असेल तर परत फिरा' ही ओळ विसरू नका, नाहीतर जुन्या मशीनवर पान रखडेल.

क्रोमचं कारण वेगळं. ड्रॅगस्टार्टच्या (ओढणं सुरू झाल्याच्या इव्हेंटच्या) आतच तुम्ही डॉम, म्हणजे पानातल्या घटकांची रचना, बदलत असणार: मूळ कार्ड लपवलंत, किंवा त्याच्या जागी रिकामी चौकट घातलीत. उचललेला घटक हातातून सरकला की क्रोम ओढणं तिथेच संपवतं. ती सगळी कामं सेटटाइमआउट शून्यमध्ये घाला, म्हणजे ती ड्रॅगस्टार्ट संपल्यावर होतात. ड्रॅगस्टार्टमध्ये फक्त दोनच गोष्टी ठेवा, सेटडेटा आणि इफेक्टअलाउड (हलवणं की कॉपी, कशाची परवानगी). याचा आणखी एक फायदा: कर्सरसोबत फिरणारं चित्र ड्रॅगस्टार्टच्या वेळच्या कार्डावरून घेतलं जातं, ते पूर्ण दिसतं आणि मूळ कार्ड नंतर फिकं होतं. तेही डिस्प्ले-नन न करता अपारदर्शकता ०.४ वर आणा, म्हणजे मांडणी हलायचा प्रश्नच नाही.

फायरफॉक्स ५२: सेटडेटा नसेल तर जुना फायरफॉक्स ओढणं सुरूच करत नाही, ते तुम्हाला कळलंच. सोडल्यावर पान निघून जातं कारण मजकूर टाकला की तो पत्ता समजून उघडायचा ही त्याची मूळ वागणूक. ड्रॉपमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट करा, म्हणजे ही मूळ वागणूक रद्द होते. कॉलमवर तर कराच, पण संपूर्ण डॉक्युमेंटवरही ड्रॅगओव्हर आणि ड्रॉप दोन्हींना करा. लोकांचा हात चुकतो आणि कार्ड दोन कॉलमांच्या मधल्या फटीत पडतं.

सेटडेटाचा प्रकार 'टेक्स्ट' एवढाच द्या. टेक्स्ट/प्लेन दिलं तर आयई ११ एरर देतं, त्याला फक्त टेक्स्ट आणि यूआरएल हे दोनच शब्द कळतात. 'टेक्स्ट' सगळीकडे चालतं. आणि कोणतं कार्ड ओढलं जातंय हे ड्रॅगओव्हरमध्ये गेटडेटाने विचारू नका, तो मजकूर फक्त ड्रॉपमध्ये वाचता येतो. कार्ड साध्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.

जेक्वेरी १.१२ मध्ये डेटाट्रान्सफर थेट मिळत नाही, ओरिजिनलइव्हेंट मधून घ्यावा लागतो. हे तुम्ही केलेलं दिसतंय, नाहीतर फायरफॉक्समध्ये कार्ड उचललंच गेलं नसतं.

---

कौलारू

टाचणी यांच्या उत्तरात एक भर. कार्डात कर्मचाऱ्याचा फोटो किंवा लिंक आहे का? इमेज आणि लिंक या दोन्ही गोष्टी मुळातच ओढता येण्यासारख्या असतात. फोटोवर बोट ठेवून कार्ड ओढलं की कार्डाऐवजी फोटोच उचलला जातो आणि ड्रॅगस्टार्टचं टार्गेट इमेज येतं. दोन्हींना ड्रॅगेबल=फॉल्स लावा. कार्डात मजकूर भरायचा रकाना असेल तर जुन्या फायरफॉक्समध्ये त्यात माउसने कर्सर हव्या त्या जागी ठेवता येत नाही. त्यासाठी रकान्यावर फोकस आला की कार्डाचं ड्रॅगेबल काढायचं आणि फोकस गेला की परत लावायचं.

इफेक्टअलाउड आणि ड्रॉपइफेक्ट यांचा मेळही तपासा. एकीकडे मूव्ह आणि दुसरीकडे कॉपी असेल तर ड्रॉप येतच नाही, आणि एररही दिसत नाही. दोन्हीकडे मूव्ह ठेवा.

---

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्युमेंटमोड खरंच ७ होता. हेडर घातला, आता ११ येतो आणि तिन्ही कॉलम जागेवर आहेत. बॉर्डरच्या जागी आउटलाइन केली, ड्रॅगलीव्ह पूर्ण काढून टाकला, थरथर थांबली. क्रोम आणि फायरफॉक्सही ठीक. फोटो होता, त्यालाही फॉल्स लावलं.

आता दोन नवे प्रश्न.

काही कार्डांवर शेरा असतो म्हणून ती १२० पिक्सेल उंच होतात, बाकीची ४०. फ्लोटमुळे उंच कार्डाच्या बाजूला पुढची ओळ अडकून बसायची, म्हणून कार्डांना इनलाइन-ब्लॉक केलं आणि रुंदी १४६ वर आणली. ते जमलं, पण चार-पाच वेळा ओढाओढ केली की कार्डांमधली फट कुठे असते, कुठे नसते. पान पुन्हा लोड केलं की सारखी.

रात्रीचा कॉलम अरुंद करून त्यात एकाखाली एक कार्डं ठेवली आहेत. तिथे क्रम बदलताना लहान कार्ड उंच कार्डावर नेलं की दोघं सतत जागा बदलत राहतात.

शिवाय एका एक्सपी मशीनवर फायरफॉक्स टाकायला परवानगी नाही, तिथे आयई ८ च आहे.

---

टाचणी

फटीचं कारण एचटीएमएलमधली मोकळी जागा. इनलाइन-ब्लॉक घटक शब्दांसारखे वागतात, दोन टॅगांमध्ये एंटर किंवा स्पेस असेल तर साधारण ४ पिक्सेलची फट पडते, फॉन्टनुसार कमी-जास्त. कार्ड उचलून इन्सर्टबिफोरने दुसरीकडे नेलं की फक्त कार्ड जातं, ती स्पेस जुन्याच जागी राहते. तिथे आता दोन स्पेस शेजारी, त्या मिळून एकच दिसतात. नव्या जागी मात्र कार्ड दुसऱ्या कार्डाला चिकटून बसतं. लोड केल्यावर सर्व्हर पुन्हा एंटर घालून एचटीएमएल पाठवतो, म्हणून सगळं सारखं.

कॉलमला फॉन्ट-साइझ शून्य आणि कार्डाला पुन्हा १४ पिक्सेल द्या, किंवा टेम्प्लेटमध्येच कार्डांमधली मोकळी जागा काढा. मला दुसरा मार्ग स्वच्छ वाटतो. हवी ती फट मार्जिनने द्या: कार्ड १४६, डावी-उजवी मार्जिन २-२, दोन मिळून बरोबर ३००. आणि व्हर्टिकल-अलाइन टॉप विसरू नका, नाहीतर उंच-बुटकी कार्डं तळरेषेवर जुळायला जातात.

आता जागा बदलण्याबद्दल. लहान कार्ड ० ते ४० मध्ये, उंच कार्ड ४० ते १६० मध्ये. लहान कार्ड खाली ओढताना कर्सर ४५ वर आला. 'उंच कार्डात शिरला की अदलाबदल' असा तुमचा नियम असेल तर उंच कार्ड ० ते १२० वर येतं आणि लहान १२० ते १६० वर जातं. कर्सर अजून ४५ वरच, म्हणजे पुन्हा उंच कार्डावरच. पुन्हा अदलाबदल. कर्सर इवलासा हलला तरी चक्र चालू.

नियम असा करा: कर्सर ज्या कार्डावर आहे त्याचा मध्य काढा. कर्सर मध्याच्या वर असेल तर त्या कार्डाच्या आधी, खाली असेल तर नंतर. वरच्या उदाहरणात मध्य १०० वर आहे. ४५ वर काहीच होणार नाही. १०१ वर अदलाबदल होईल, उंच कार्डाचा मध्य ६० वर येईल, १०१ अजूनही त्याच्या खालीच, म्हणजे निर्णय तोच राहतो. परत वर न्यायचं तर ६० च्या वर जावं लागेल. मधल्या ४० पिक्सेलच्या पट्ट्यात कार्डं आपोआप स्थिर राहतात.

मध्य काढायला गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट वापरा आणि कर्सरची क्लायंटवाय त्याच्याशी ताडा. दोन्ही खिडकीच्या हिशोबाने असतात, त्यामुळे स्क्रोलची बेरीज-वजाबाकी नको. आयई ८ मध्ये या आयतात हाइट नसते, बॉटममधून टॉप वजा करा. कर्सरची जागा ड्रॅगओव्हरमधूनच घ्या. ड्रॅग नावाच्या इव्हेंटमध्ये जुना फायरफॉक्स जागा शून्य-शून्य देतो. आणि घटक आधीच योग्य ठिकाणी असेल तर इन्सर्टबिफोर करू नका. त्याच जागी पुन्हा घातलं तरी ब्राउझर मांडणी नव्याने मोजतो.

---

कौलारू

आयई ८ साठी ब्राउझरचं ड्रॅग-ड्रॉप सोडून द्या. आयई ९ पर्यंत ड्रॅगेबल हा गुण साध्या डिव्हला लागूच पडत नाही, फक्त लिंक आणि इमेज ओढता येतात. ड्रॅगड्रॉप नावाचं मेथड हाताने बोलावून ते घडवता येतं, पण त्या कोडची निगा राखणं जड जातं. तिथे जेक्वेरी यूआय १.११ चं सॉर्टेबल वापरा. ते माउसच्या इव्हेंटवर चालतं, १.११ आयई ८ वर चालतं आणि तुमच्या जेक्वेरी १.१२ सोबत बसतं. जेक्वेरी मात्र २ वर नेऊ नका, त्यात आयई ६ ते ८ वगळले आहेत.

सेटिंग अशी ठेवा. हेल्पर (कर्सरसोबत फिरणारं कार्ड) क्लोन आणि अपेंडटू बॉडी, म्हणजे ओढलेलं कार्ड शेजारच्या कॉलमखाली दडत नाही आणि स्क्रोल होणाऱ्या डब्याच्या कडेने कापलं जात नाही. अपेंडटू फक्त क्लोन असेल तरच लागू होतं, मूळ कार्डच हेल्पर असेल तर नाही. कार्ड बॉडीत गेल्यामुळे 'कॉलमच्या आतलं कार्ड' अशा सिलेक्टरने दिलेली रुंदी आणि रंग त्याला मिळत नाहीत. स्टाइल थेट कार्डाच्या क्लासवर द्या. टॉलरन्स पॉइंटर ठेवा, म्हणजे जागा कर्सरवरून ठरते. प्लेसहोल्डरला (कार्ड पडणार ती रिकामी चौकट) स्वतःचा क्लास द्या आणि त्याची रुंदी, मार्जिन, बॉर्डर कार्डाशी पिक्सेलपर्यंत जुळवा. फोर्सप्लेसहोल्डरसाइझ उंची भरून देतं, मार्जिन देत नाही.

उद्या तक्ता टेबलात हलवून ओळी ओढायला दिल्यात तर हेल्पर झालेल्या ओळीतले रकाने आकसतात, कारण टेबलाबाहेर पडल्यावर रुंदी ठरवणारं कुणी नसतं. हेल्परसाठी फंक्शन द्या आणि त्यात मूळ ओळीतल्या प्रत्येक सेलची रुंदी मोजून क्लोनच्या सेलला लावा.

ओढताना मजकूर निळा होत असेल तर कार्डावर सिलेक्टस्टार्ट रद्द करा, आयई ८ ला सीएसएसचं यूझर-सिलेक्ट कळत नाही.

दोन पद्धती एकाच पानावर एकत्र लावू नका. डॉक्युमेंटमोड असेल आणि १० पेक्षा कमी असेल तर सॉर्टेबल, नाहीतर तुमचा सध्याचा कोड. सॉर्टेबल लागलं की कार्डांचं ड्रॅगेबल काढून टाका, आणि फोटोचा ड्रॅगस्टार्टही रद्द करा. नाहीतर फोटो धरून ओढताना आयई ८ स्वतःचं ओढणं सुरू करतो, माउसमूव्ह येणं थांबतं आणि कार्ड अर्ध्यातच अडकतं.

---

उंबरठा

कॉलमची रुंदी टक्क्यांत करायचा विचार असेल तर एक सांगून ठेवतो. डॉक्युमेंट मोड ७ टक्क्यांचा निकाल पूर्ण पिक्सेलमध्ये बदलतो, आणि त्यात तो वरही जाऊ शकतो. (पुढचा हिशोब कॉलमचं पॅडिंग आतल्या डब्याला दिलं असं धरून; कॉलमवरच असेल तर मोड ७ मध्ये तिसरा कॉलम पॅडिंगमुळेच खाली जाईल.) डबा ९६२ चा झाला तर ३३.३३% म्हणजे ३२०.६३, त्याचे ३२१ होतात, तीन मिळून ९६३, आणि तिसरा कॉलम पुन्हा खाली. डबा ९६० चा असेल तर काहीच होत नाही, म्हणून ही चूक खिडकीच्या काही ठरावीक रुंदीलाच दिसते आणि तपासताना हातून निसटते. हेडर काम करतोय तोवर तुम्हाला त्रास नाही, पण मध्ये एखादा प्रॉक्सी हेडर काढून टाकत असेल तर होईल. शेवटच्या कॉलमला उणे ३ पिक्सेलची उजवी मार्जिन देऊन ठेवा. ३२१ चा कॉलम मांडणीच्या हिशोबात ३१८ धरला जातो आणि ओळीत बसतो.